शिबिर उठल्यावर गावात काय उरलं, ते कसं मोजायचं

राष्ट्रीय सेवा योजनेचा (एनएसएस) कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमणूक झाली की पहिल्यांदा हातात येते ती आधीच्या अधिकाऱ्याची फाईल. उघडून बघा. बॅनरसमोरचे फोटो, उद्घाटनाच्या पाहुण्यांची नावं, वर्तमानपत्राचं कात्रण, हजेरीपत्रक आणि शेवटी 'ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले' हे वाक्य. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि एनएसएसचं युनिट, म्हणजे स्वयंसेवकांचा गटही बघते. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या अशा बऱ्याच फायली माझ्या नजरेखालून गेल्या आहेत. झाडं किती लावली ते त्यांत हमखास सापडतं. किती जगली, ते शोधून मिळत नाही.

हे टिपण नव्याने युनिट हाती घेतलेल्या प्राध्यापकांसाठी आहे. गावात तरुण मंडळ किंवा महिला मंडळ चालवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. एक वही, लांब टेप, ऑइलपेंटचा छोटा डबा आणि गावातल्या सात दिवसांच्या शिबिराच्या आधीचे तीन-चार महिने, एवढं पुरतं. यातली शेवटची वस्तू मिळवणं सगळ्यात अवघड, कारण शिबिराची तारीख आपल्याकडे बहुधा दोन आठवडे आधी ठरते.

तास म्हणजे खर्च

योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत आणि ४०,००० स्वयंसेवकांसह. तेव्हापासून मोजमापाचं एकक एकच राहिलं आहे: तास. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास द्यायचे. वर्षाचे १२०, त्यातले २० ओळख आणि प्रशिक्षणाचे, १०० प्रत्यक्ष कामाचे. युनिट १०० मुलांचं असलं तर कामाचे वर्षाला १०,००० तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर १,२५० मनुष्यदिवस. कर्नाटकात २०२४-२५ ला रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३४९ रुपये होती. गुणाकार करा, ४,३६,२५० रुपये येतात. अहवालात हा आकडा झोकात दिसतो आणि तो काढायची रीतही चुकीची नाही. तेच काम पैसे देऊन करून घेतलं असतं तर किती लागले असते, असा हिशोब करायला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची २०११ची मार्गदर्शिकाही सांगते.

पण हा आकडा आपण काय घातलं ते सांगतो. चुलीत किती लाकूड जाळलं ते कळलं, भात शिजला की नाही ते अजून कळायचं आहे.

शिवाय रोजगार हमीवाले स्वतः खोदकामाची मजुरी नुसत्या हजेरीवर देत नाहीत. ते चराची लांबी, रुंदी, खोली मोजतात. आपणही तेच करावं. पहिल्या दिवशी पोरांच्या हाताला फोड येतात, दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं घमेली इकडून तिकडे फिरवतात, तिसऱ्या दिवसापासून कुठे काम दिसायला लागतं. श्रमदानाच्या तासांऐवजी घनमीटर लिहा. टेप नसली तर गावातल्या दोन अनुभवी मजुरांना चर दाखवा आणि विचारा, 'तुम्ही किती जण, किती दिवसांत हे केलं असतं?' ते जे सांगतील ते तुमच्या हजेरीपत्रकापेक्षा खरं असतं. जरा टोचतंही, हे आधीच सांगून ठेवते.

शिबिर नसतं झालं तर?

मोजणीतला खरा प्रश्न हाच आहे आणि तो आपण विचारत नाही. आपण विचारतो, आधी काय होतं आणि नंतर काय झालं. मधल्या काळात गावात आपल्याशिवाय काहीच घडलं नाही असं आपण गृहीत धरतो.

एक उदाहरण घेऊ. समजा २०२२च्या हिवाळ्यात तुमच्या स्वयंसेवकांनी मुलींच्या शिक्षणावर पथनाट्य केलं, घरोघरी जाऊन आयांशी बोलले. पुढच्या वर्षी गावातून पीयूसीला (अकरावी-बारावीला) जाणाऱ्या मुली वाढल्या. अहवाल लिहायला हात शिवशिवणारच. पण ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. ऑगस्टमध्ये गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये घरातल्या बाईच्या खात्यावर यायला लागले. आता वाढलेल्या मुलींतल्या किती पथनाट्यामुळे, किती बसमुळे आणि किती आईच्या हातात आलेल्या पैशामुळे, हे नुसत्या आधी-नंतरच्या आकड्यांवरून कुणालाच सांगता येणार नाही.

यावर उपाय म्हणजे तुलनेचं गाव. तुमच्या दत्तक गावासारखंच दुसरं गाव निवडा, जिथे तुमचं किंवा दुसऱ्या कुणाचं शिबिर नाही. घरं साधारण तेवढीच, शाळा त्याच इयत्तेपर्यंत, बस तेवढ्याच फेऱ्यांची, पीकपाणी सारखं. दोन्ही गावांत आधी मोजायचं, दोन्हीकडे नंतर मोजायचं. बस मोफत झाल्याचा फायदा दोन्ही गावांना मिळेल. तुमच्या गावातली वाढ वजा तुलनेच्या गावातली वाढ, एवढंच तुमच्या खात्यावर लिहायचं.

तुलनेचं गाव निवडताना आपल्या सीमाभागात एक खास मोह होतो. कर्नाटकातल्या कुद्रेमानीच्या माणसाला महाराष्ट्रातली शिनोळी परकी वाटत नाही. शिवाराला शिवार लागून, भाषा तीच, सोयरीक तीच, बाजारहाटाला दोघांनाही बेळगावच. मग एक गाव इकडचं आणि एक चंदगड तालुक्यातलं घेऊ, झकास तुलना होईल, असं वाटतं. करू नका. शिनोळीच्या बाईला एसटीत मार्च २०२३ पासून तिकीट अर्धं आहे, कुद्रेमानीच्या बाईला सरकारी बसमध्ये फुकट. इकडे गृहलक्ष्मीचे २,०००. तिकडे लाडकी बहीण २०२४ला आली आणि रक्कम १,५००. शाळेची पुस्तकं वेगळी, परीक्षा मंडळ वेगळं, रेशनचे नियम वेगळे, पंचायतीचा कायदा वेगळा. दोन गावांत जो फरक दिसेल तो तुमच्या शिबिराचा की दोन सरकारांचा, हे कधीच सुटणार नाही. सीमेचा निकाल कोर्टात लागेल तेव्हा लागो, सर्वेक्षणापुरती तरी सीमा मान्य करा आणि दोन्ही गावं एकाच बाजूची घ्या. शक्यतो एकाच तालुक्यातली. विहिरी आणि झाडांना सरकार कळत नाही म्हणून तिथे चालेल, असं म्हणाल, तर शेतीपंपाच्या विजेचं धोरणही दोन्हीकडे वेगळं आहे आणि विहिरीतलं पाणी पंप ठरवतो.

तालुका एकच म्हणतेय त्याचंही कारण आहे. आपला जिल्हा पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीचा धो-धो पाऊस घेतो आणि पूर्वेला अथणी-सौंदत्तीकडे कोरडा पडतो. खानापुरात जगलेलं रोप आणि अथणीत जगलेलं रोप, दोन्ही 'जगलेलं' म्हणून एकाच रकान्यात घातलं तर अथणीच्या पोरांवर अन्याय होतो. त्यांनी घागरीने पाणी घातलेलं असतं.

विहीर मोजायची पद्धत

वनराई बंधारा हे एनएसएसचं आवडतं काम. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरायची, ओढ्यात आडवी रचायची, फोटो काढायचा. मलप्रभा आपल्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, तिला मिळणारे ओढेनाले इथे भरपूर, त्यामुळे जागेची वाण नाही. याचा परिणाम मोजणं सोपं आहे, तरी ते फार थोडे करतात. म्हणून जरा विस्ताराने सांगते.

आधी वेळ. बंधारा पाऊस संपताना, ओढ्याला वाहतं पाणी असताना घालायचा असतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आपलं शिबिर बहुतेकदा परीक्षेनंतर, जानेवारीच्या आसपास येतं. तोवर बरंचसं पाणी पुढे निघून गेलेलं असतं. म्हणून बंधारा सात दिवसांच्या शिबिरात कोंबू नका. नियमित कामाच्या १०० तासांतून दोन रविवार काढा. मोजून बघायचं ठरवलं की कामाची तारीखही आपोआप शहाणी होते, हा मोजणीचा एक आडफायदा.

मग विहिरी निवडा. बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला, ओढ्याच्या जवळपासच्या चार-पाच. तेवढ्याच दुसऱ्या ओढ्यावरच्या, जिथे बंधारा नाही. मालकाला विचारून कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने खूण करा. यापुढे दर वेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली मोजायची. टेपच्या टोकाला वजन बांधा, शेवटचे दोन हात खडूने घासा, टेप पाण्यात थोडी बुडवा आणि कठड्याच्या खुणेशी आलेला आकडा वाचून घ्या. वर ओढल्यावर खडू जिथपर्यंत भिजला तिथपर्यंतचा भाग त्या आकड्यातून वजा करा. अंधाऱ्या विहिरीत वाकून अंदाज करण्यापेक्षा हे कितीतरी अचूक, आणि कुणी विहिरीत पडायची भीतीही कमी.

मोजायचं पहाटे, पंप सुरू व्हायच्या आत. रात्रीची थ्री फेज वीज असेल तर रात्रभर पंप चाललेला असतो, तेव्हा 'रात्री पंप चालला का?' हा रकाना वहीत हवाच. पंधरवड्यातून एकदा, नोव्हेंबर ते मे. हे काम कॉलेजहून जाऊन होत नाही. त्या गावातून रोज बसने येणारी एक-दोन मुलं युनिटमध्ये घ्या आणि त्यांचे तास या कामाला लावा.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा बंधाऱ्याजवळच्या विहिरी गेल्या वर्षी नोव्हेंबर ते मार्च सरासरी २.९ मीटर उतरल्या होत्या, यंदा २.१ मीटर उतरल्या. फरक ०.८. दुसऱ्या ओढ्यावरच्या विहिरी गेल्या वर्षी २.८ उतरल्या होत्या, यंदा २.६. फरक ०.२. तिथे बंधारा नसूनही ०.२ सुधारणा झाली, म्हणजे ती पावसाची किंवा पंप कमी चालल्याची. तुमच्या बंधाऱ्याच्या वाट्याला फार तर ०.६ मीटर. अहवालात ०.८ नको, ०.६ लिहा, आणि विहिरी किती होत्या तेही लिहा. पावसाचा आकडा जोडायचा असेल तर कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची स्वयंचलित पर्जन्यमापकं ग्रामपंचायत पातळीवर बसवलेली आहेत, तिथला घ्या.

गेल्या वर्षीचे आकडे नसतील, आणि बहुधा नसणारच, तर यंदा दोन्हीकडे नुसतं मोजा आणि बंधारा पुढच्या वर्षी घाला. प्राचार्यांना हे पटवणं कठीण आहे. निदान बंधारा घालायच्या आधीचे दोन-तीन पंधरवडे तरी हातात असू द्या.

पाणी वाढलं, इथे थांबायचं नाही. ते कुणाला मिळालं ते बघा. ओढ्याकाठच्या विहिरी असतात कुणाच्या? ज्यांची जमीन तिथे आहे त्यांच्या. भातानंतर मसूर, हरभरा किंवा वाटाणा आणखी किती गुंठ्यांत झाला, ते मालकाला विचारा. आणि ज्यांना जमीन नाही त्या घरांना वेगळं विचारा: धुण्याला ओढ्यावर किती महिने जाता आलं? जनावरांना पाणी किती दिवस मिळालं? शंभर पोरांच्या घामाने एका बागायतदाराचा ऊस तेवढा तरारला, असं उत्तर निघू शकतं. तसं निघालं तर पुढचा बंधारा कुठे घालायचा ते कळलं.

घरोघर जाताना

सर्वेक्षण म्हटलं की आपण ५० घरं करतो, कारण शिबिरात मुलं ५० असतात. ५० घरांच्या नमुन्यात टक्केवारीची चूक दोन्ही बाजूंना साधारण १४ टक्क्यांपर्यंत जाते. १०० घरांत १०, ४०० घरांत ५. गाव लहान असेल तर ही चूक थोडी कमी होते, पण फार नाही. म्हणजे ५० घरांत शौचालय वापरणारे ६० टक्क्यांवरून ६६ वर गेले तर काहीही सिद्ध झालेलं नाही. दोन-अडीचशे घरांचं गाव असेल तर सरळ सगळी घरं करा, पोरांचे हात भरपूर आहेत. मोठ्या गावात पंचायतीकडून घरांची यादी घ्या, पहिला आकडा चिठ्ठीने काढा आणि तिथून दर चौथं घर घ्या. रस्त्याकडेची, ओसरीवर बसून हाक मारणारी घरं आपसूक निवडली जातात आणि गल्लीच्या टोकाची राहतात, ते यादीने टळतं. नंतरच्या फेरीत तीच घरं घ्या.

महिना सांभाळा. खानापूरच्या घराघरातलं कुणीतरी गोव्यात कामाला असतं. गणपतीत सगळे परततात. पहिली फेरी गणपतीच्या सुट्टीत आणि दुसरी मार्चमध्ये केली तर घरातली माणसं कमी झाल्यासारखी दिसतात आणि कित्येक दारांना कुलूप मिळतं. निपाणी-चिकोडीकडे ऊसतोडीच्या आणि तंबाखूच्या हंगामात दिवसभर घरी म्हातारी माणसं आणि पोरंच. दोन्ही फेऱ्या एकाच महिन्यात, एक वर्षाच्या अंतराने. कुलूप लागलेली घरं 'बंद' म्हणून नोंदवा, शेजारचं घर घुसडू नका.

जोड्या लावताना एक मराठी बोलणारं आणि एक कन्नड बोलणारं, असं ठेवा. गाव मराठी असलं तरी चार घरं कन्नड असतात, कणकुंबीच्या अंगाला कोकणी, आणि पंचायतीतले कागद कन्नडमध्ये. बैलहोंगल-सौंदत्तीकडची कन्नड बोलणारी मुलं मराठी गावात पहिल्या दिवशी बुजतात. प्रश्नावली दोन्ही भाषांत छापा आणि आधी चार घरांवर चालवून बघा. एवढं केलं की तक्रारीला जागा राहत नाही, ना इकडून ना तिकडून.

खरी अडचण भाषेची नाहीच, माणुसकीची आहे. सात दिवस गावात राहिलेल्या, भजन म्हटलेल्या पोरीने दारात येऊन 'आजी, शिबिराचा फायदा झाला का?' विचारलं तर कुठली आजी नाही म्हणेल? 'झाला की गं बाय,' म्हणून ती चहाच टाकेल. म्हणून नंतरची फेरी आपल्या मुलांनी करूच नये. शेजारच्या कॉलेजच्या युनिटशी अदलाबदल करा: तुमची मुलं त्यांच्या गावात, त्यांची तुमच्या गावात. शिबिराचं नावही काढायचं नाही. 'गेल्या वर्षात गावात काय नवीन झालं?' एवढंच विचारा आणि आजीच्या तोंडून शिबिर येतं का बघा. येत नसेल तर तेही लिहा.

आणि विचारण्यापेक्षा बघता येईल ते बघा. 'शौचालय वापरता का?' याला उत्तर एकच येतं. त्यापेक्षा दार उघडून दाखवायला सांगा. आत पाण्याची बादली आहे की गोवऱ्या आणि सरपण रचलंय, ते एका नजरेत दिसतं.

इतर कामांचं थोडक्यात

मुलांना वाचायला शिकवत असाल तर नवी परीक्षा बनवू नका. 'असर' या शिक्षण-सर्वेक्षणाची वाचनचाचणी मराठीत आणि कन्नडमध्येही आहे: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. प्रत्येक मूल एकटं बसवून, पाच मिनिटांत होते. वर्गशिक्षकांना दुखवायचं नसेल तर एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या) बैठकीत आधी सांगून ठेवा.

झाडं जुलैत लावली तर पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात मोजा, आणि त्याच्या पुढच्या मे महिन्यातही. पावसाळ्यात मोजलेलं प्रत्येक रोप जिवंतच दिसतं.

रक्तदानात बाटल्या मोजण्यापेक्षा परत येणारे मोजा. पुरुषाला ९० दिवसांनी आणि बाईला १२० दिवसांनी पुन्हा देता येतं. शिबिराच्या बॅनरशिवाय, आपणहून रक्तपेढीत किती गेले, हा आकडा महत्त्वाचा. हिमोग्लोबिन १२.५च्या खाली म्हणून परत पाठवलेल्या मुलींची संख्याही ठेवा, नावं नकोत. ती संख्या कॉलेजच्या मेसबद्दल आणि मुलींच्या डब्याबद्दल बरंच बोलते.

पुरात आधीची नोंद असण्याचा प्रश्नच येत नाही. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा चढल्या तेव्हा कुणी प्रश्नावली घेऊन बसणार नव्हतं. तिथे एकच नोंद कामाची: कुठल्या वस्तीत मदत कोणत्या तारखेला, कितव्यांदा पोचली. पुरात रस्त्याकाठच्या गावात गाड्यांची रांग लागते आणि आतल्या वस्तीला सतरंजीही मिळत नाही. वाटलेल्या किटची संख्या हे लपवते, वस्तीवार वही ते उघडं करते.

मुलांचं काय झालं

योजनेचा मूळ हेतू विद्यार्थी घडवणं हा आहे. गावसेवा हे त्याचं साधन. तरी मुलांचं मोजमाप म्हणून आपण शेवटच्या रात्रीचं मनोगत घेतो. सगळी रडतात, सगळ्यांचं आयुष्य बदललेलं असतं. सोमवारी कॅन्टीनमध्ये तीच टोळकी, तीच टेबलं.

इथे एक नामी सोय आपल्या हातात आहे आणि ती कुणी वापरत नाही. युनिटमध्ये जागा १००. नाव देणारी मुलं त्याहून जास्त असतील तर ओळखीने किंवा गुणांवर निवडू नका, सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाका. ज्यांना चिठ्ठी लागली नाही ती मुलंही तितकीच हौशी होती. दोन वर्षांनी दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारा. जो फरक दिसेल तो बऱ्याच अंशी योजनेचाच, कारण निवड नशिबाने झाली. चिठ्ठ्यांशिवाय तुलना केली तर मुळात बोलकी, पुढे-पुढे करणारी मुलंच एनएसएसमध्ये आलेली असतात आणि त्यांच्या बोलकेपणाचं श्रेय आपण लाटतो. न लागलेल्या मुलांना पुढच्या वर्षी आधी घेऊ असं सांगू नका, तुलना मोडते. त्यांना दुसरं काही द्या, रेड क्रॉस, क्रीडा, काहीही. तरी आमच्या स्टाफरूममध्ये चिठ्ठ्यांवरून भांडण होतंच, कारण प्रत्येकाचा एक पुतण्या असतो.

प्रश्न कसे असावेत? 'तुमच्यात नेतृत्वगुण आला का, एक ते पाच' हे टाळा. शिबिराआधी मुलं स्वतःला बिनधास्त चार देतात. गावात ग्रामसभेत उभं राहून बोलायची वेळ आली की पाय लटपटतात आणि नंतर तीच मुलं स्वतःला तीन देतात. आकड्यांत ती घसरण दिसते, खरं तर मुलं शहाणी झालेली असतात. म्हणून नंतर दोन्ही विचारा: आज किती, आणि आज मागे वळून बघता तेव्हा किती होतं? त्याहून बरं म्हणजे करून दाखवण्याच्या गोष्टी विचारा. गेल्या सहा महिन्यांत पंचायतीत स्वतः जाऊन पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) काही विचारलं का? कुणाचा बँकेचा किंवा पेन्शनचा अर्ज भरून दिला का? दुसऱ्या भाषेच्या घरात जेवलात का? उत्तर हो किंवा नाही, आणि हो असेल तर कधी, कुठे.

गावाने काय मोजलं

पन्नास मुलं सात दिवस गावात राहतात. शाळेच्या दोन खोल्या अडतात. टाकीचं पाणी आपण वापरतो. शेवटच्या दिवशी गावजेवण होतं आणि त्यासाठी बायका पहाटेपासून राबतात. कुणाच्या शेतावरची मजुरी बुडते. हे सगळं अहवालात 'ग्रामस्थांचे सहकार्य' या दोन शब्दांत जातं. मी ते खर्चाच्या बाजूला मांडते: किती बायका, किती तास, किती टँकर, शाळा किती दिवस व्हरांड्यात भरली. आपल्या शिबिरातल्या तासांसमोर गावाचे तास ठेवले की काही शिबिरांची बाकी अगदीच थोडी राहते. एखाद्याची उणेही. अशा वेळी पुढचं शिबिर मुक्कामी न घेता रोज जाऊन-येऊन करता येईल का, ते बघा.

माहिती घेताना आधार क्रमांक, फोन नंबर, जात, कर्ज यातलं काहीही गरज नसताना लिहू नका. घराला क्रमांक द्या. नावांची यादी वेगळ्या कागदावर, तुमच्या कपाटात.

निकाल कुणाला सांगायचा

विद्यापीठाला आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला अहवाल जाणारच. त्याआधी तो गावात वाचा. ग्रामसभेत दहा मिनिटं मागून घ्या. एका मोठ्या कागदावर, मराठीत, हाताने काढलेले दोन-तीन आलेख पुरे. विहिरींची नावं गावातल्या बोलीत लिहा, 'तळ्याकडची', 'जुन्या वाड्यातली'. लोक लगेच दुरुस्त्या सांगतात: त्या विहिरीचा गाळ यंदाच काढलाय म्हणून पाणी जास्त दिसतंय, अमक्या गल्लीत मोजायला कुणी आलंच नाही. त्या दुरुस्त्या अहवालात घाला. परिणाम दिसला नाही तर तेही तिथेच सांगा. मला अजून एकही गाव असं भेटलेलं नाही जे त्यावर चिडलं. चिडले तर आपलेच वरिष्ठ चिडतात.

कार्यक्रम अधिकाऱ्याची मुदत साधारण तीन वर्षांची, फार तर एखादं वर्ष वाढते. झाडं आणि विहिरींचं मोजमाप त्याहून लांब चालतं. म्हणून पहिल्याच वर्षी एक वेगळी फाईल करा, फोटोंशिवायची. तिच्यात इतकंच: दोन्ही गावांचा नकाशा आणि खुणा केलेल्या विहिरी, प्रश्नावलीची कोरी प्रत, घरक्रमांकांची यादी, दोन्ही फेऱ्यांच्या तारखा, मोजणाऱ्या मुलांची नावं, आणि काय मोजायचं ठरवलं होतं पण जमलं नाही, त्याचं एक पान. एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात नोंदवून ठेवा, एक पंचायतीत पीडीओंच्या सहीने. पंचायतीतली प्रत दर दोन वर्षांनी आहे का ते बघत जा, कारण पीडीओंचीही बदली होते.